धुरकट पाकिटातला नंदी

भैयासाहेब जामदारांकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा पाणी विचारायच्या आधी त्यांनी मला दोन्ही हात पुढे करायला सांगितलं. मी केले. त्यांनी तळहात उलटसुलट करून पाहिले, बोटांची टोकं दाबून पाहिली आणि म्हणाले, "घाम येतो तुम्हाला. तुम्ही लांबूनच बघा." मग आतून शिसवी पेटी आणली, पांढऱ्या रुमालावर प्लॅस्टिकचं एक चौकोनी पाकीट ठेवलं आणि ते माझ्यापासून हातभर लांब धरलं. पाकीट धुरकट झालेलं होतं. आत काहीतरी गोल आहे, एवढंच कळत होतं.

"सूर्य दिसला?" त्यांनी विचारलं.

मी नवखा होतो. म्हणालो, "दिसला."

"किरणं?"

"तीपण दिसली."

भैयासाहेब प्रसन्न झाले आणि मग पाणी आलं.

भैयासाहेब इंदूरच्या एका कापड गिरणीत हेडक्लार्क होते. पण ही गोष्ट ते तिसऱ्या-चौथ्या भेटीत, आणि तीही अडवून विचारलं तरच सांगत. आधी सांगत ते आजोबांचं. आजोबा होळकरांच्या जामदारखान्यात होते. जामदारखाना म्हणजे दरबारचे दागिने, भरजरी वस्त्रं आणि मानाची नाणी ठेवायची कोठी. तिथल्या सगळ्या किल्ल्या आजोबांच्या कमरेला असत, असं भैयासाहेब सांगत. आजोबा तिथे थैल्यांच्या तोंडाला लाख लावायच्या कामावर होते, असं वहिनी, म्हणजे भैयासाहेबांच्या पत्नी, सांगत. पुढे संस्थान गेलं, मध्यभारत आला आणि गेला, मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली तरी भैयासाहेबांनी भोपाळला माफ केलं नव्हतं. "आपली टांकसाळ गेली, राजधानी गेली. अब जो है, ते या पेटीत आहे," ते म्हणत. "आणि याला कोणी हात नाही लावणार. बस."

मी तेव्हा एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि रामबागेत त्यांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहत होतो. भैयासाहेब मला 'प्रोफेसर' म्हणत. शेजारी प्रोफेसर असणं त्यांना बरं वाटे. मलाही वाईट वाटत नसे.

पेटीत शंभरेक नाणी होती. चांदीचे सूर्यछाप रुपये, तांब्याचे नंदीछाप अर्धे आणे, पाव आणे. ती बरीच वर्षं वडिलांच्या काळच्या खारव्याच्या जाड कापडी पिशवीत मजेत पडून होती, एकमेकांवर आपटत होती आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं. मग बाजारात प्लॅस्टिक आलं. भैयासाहेब सियागंजात गेले आणि टेबलावर अंथरायच्या जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचं एक भेंडोळं घेऊन आले. दुकानदाराने सांगितलं होतं, "ले जाओ बाऊजी, सौ साल कुछ नी होगा इसको." त्या दुकानदाराचं प्लॅस्टिकचं दुकान उघडून दोन वर्षं झाली होती. पण भैयासाहेबांनी ते वाक्य वेदवाक्य मानलं. चौकोन कापले, करवतीचं पातं मेणबत्तीवर तापवून कडा चिकटवल्या, आणि प्रत्येक पाकिटात आपल्या सहीची चिठ्ठी घातली. दोन महिने घराला जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. वहिनी म्हणायच्या, "भाजी करपली की मला बोलतात. हे काय करून राहिले, ते कोणी विचारत नाही."

पाकीट उघडायचं तर त्याला कायदा होता. आजोबांच्या कोठीत लाख लावलेली थैली दोन पंचांसमोरच उघडत असत, आणि थैली परत बंद करताना 'वस्तू ठेवली तशी मिळाली' असं लिहून त्यावर दोघांच्या सह्या घेत. भैयासाहेबांनी हा रिवाज जसाच्या तसा प्लॅस्टिकला लावला. एक पंच मी. दुसरे समोरच्या घरातले चौहानजी, निवृत्त पटवारी. जमिनी मोजण्यात आयुष्य गेल्यामुळे चौहानजींना सह्या करण्याचं वावडं नव्हतं. ते आले की म्हणत, "जामदारजी, खोलना है कि नी खोलना है, फाइनल करो. अपने को तो चाय से मतलब है." मी राहायला आल्यावर पहिल्या वर्षी अशा तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीला चौहानजी सेव खाऊन आले आणि भैयासाहेब ओरडेपर्यंत त्यांचा अंगठा एका चांदीच्या रुपयावर टेकून गेला. तेलाचा ठसा उठला. त्या दिवसापासून भैयासाहेबांनी पाकिटं उघडणंच बंद केलं. सात वर्षं एकही उघडलं नाही.

आता प्लॅस्टिक हे इंदूरच्या उन्हाळ्यात काय करतं, ते भैयासाहेबांना सोडून सगळ्यांना दिसत होतं. पाकिटं आधी पिवळसर झाली, मग दुधाळ, मग चिकट. कोपरे चिरले. चिरलेल्या कोपऱ्यांवर भैयासाहेबांनी दवाखान्यातली चिकटपट्टी लावली, त्यामुळे पेटी उघडली की एखादा वॉर्ड उघडल्यासारखं वाटे. ओरखडे घालवायला ते दंतमंजनाने पाकिटं घासत. एकदा घाईत काळं मंजन वापरलं आणि तीन पाकिटं काजळी धरल्यासारखी झाली, तेव्हा म्हणाले, "ठीकच आहे. ऊन कमी लागेल." पाहुणे यायचे असले की अर्धा तास आधी मलमलीच्या फडक्याने पाकिटांना खोबरेल चोळत. तेल ओलं असेपर्यंत खरंच थोडं दिसायचं. पाहुण्यांनी चहाला उशीर लावला तर सूर्य परत ढगात जायचा.

एकदा गिरणीचे मोठे साहेब आले. भैयासाहेबांनी पाकीट पुढे धरलं. साहेब म्हणाले, "वा, क्या तेज है चेहरे पर!" मी बाजूलाच होतो. आतली चिठ्ठी मला तिरकी दिसली. त्यात तांब्याचा नंदी होता, आणि तोही साहेबांकडे पाठ करून. साहेब गेल्यावर मी हे सांगितलं. मला वाटलं ओशाळतील. पण ते शांतपणे पाकीट पेटीत ठेवत म्हणाले, "साहेबांची नजर तयार नाही अजून." मी घरी येऊन पोट धरून हसलो.

या घरात भैयासाहेबांची धाकटी बहीण राहायची. सुमनताई. नवरा लवकर गेला, मुलगा शिकायला बाहेर, त्या मुलींच्या शाळेत शिकवून मागच्या खोलीत राहत. पेटीतला एक अर्धा आणा त्यांचा होता. लग्नात त्यांची ओटी भरताना आईने तांदूळ, नारळाबरोबर तो नंदी घातला होता. घरात दुसरं काही घालण्यासारखं उरलं नव्हतं. इंदूरला परत आल्यावर त्यांनी तो चार दिवस सांभाळायला म्हणून भावाकडे दिला आणि भैयासाहेबांनी त्याला पाकिटात घालून पेटीत बसवलं. दर भाऊबीजेला सुमनताई म्हणत, "भैया, एकदा हातात द्या ना." भैयासाहेब रुमालावर पाकीट आणत. "बघ, बघून घे."

"दिसत तर काहीच नाही."

"दिसत नाही म्हणजेच सुरक्षित आहे," भैयासाहेब म्हणत. "तुझ्या हाताला खडू असतो, कांदा असतो, काय काय असतं. आईची वस्तू आहे, सुमन. मी आहे ना."

त्या ओवाळायच्या, मग पाट उचलायची वेळ यायची आणि विषय संपायचा. एका बहिणीला तिची स्वतःची वस्तू बारा महिन्यांतून एकदा, धुक्यातून दाखवायची आणि वर उपकार केल्यासारखं ओवाळून घ्यायचं, हे भैयासाहेबांना मुळीच विचित्र वाटत नसे. त्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मात्र नाही. प्रेम कसं दाखवायचं याचं त्यांना एकच शिक्षण मिळालं होतं, ते म्हणजे कुलूप लावणं.

अशीच एक भाऊबीज. सुमनताईंच्या पाकिटाचा कोपरा चिरलेला होता आणि आत चिकट दव धरलं होतं. आंबूस वास येत होता. माझ्या खिशात, डेमॉन्स्ट्रेटरच्या खिशात असतात तशा, निळ्या लिटमसच्या पट्ट्या होत्या. एक पट्टी ओली करून मी चिरेतून आत लावली. ती लालभडक झाली. म्हणजे आम्ल. फटीतून नंदीच्या पायाशी हिरवा ठिपका दिसत होता. प्लॅस्टिक स्वतःच सडत होतं आणि तांब्याला खात होतं. शंभर पाकिटं, एकाच भेंडोळ्यातली. मला हे सगळं त्या क्षणी कळलं. सांगायला तीन वाक्यं पुरली असती: सगळी नाणी आजच बाहेर काढा, तांब्याची आधी काढा, कागदात ठेवा.

भैयासाहेबांनी विचारलं, "काय झालं प्रोफेसर? लाल झाला, म्हणजे?"

मी म्हणालो, "काही नाही, भैयासाहेब. तुमचा नंदी कैरीच्या लोणच्यात बसलाय."

चौहानजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. वहिनी हसल्या. सुमनताई निरांजनाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. भैयासाहेबांनी पाकीट उजेडाकडे धरलं आणि पुन्हा, जरा हळू आवाजात विचारलं, "म्हणजे धोका तर नाही ना काही?"

"धोका कसला? मुरतोय."

हे वाक्य मला फार आवडलं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी ते आठवडाभर वापरलं. दोन सहकाऱ्यांना तर मुद्दाम पेटी बघायला घेऊन आलो. भैयासाहेबांनी त्यांचे तळहात तपासले, खोबरेल चोळलं, सूर्य दाखवला, आणि आम्ही तिघं रामबागेच्या कोपऱ्यापर्यंत येऊन मग मोकळेपणाने हसलो.

दीड वर्षाने सुमनताईंच्या मुलाला भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी लागली आणि त्याने आईला बोलावून घेतलं. सामान बांधून झालं. मग त्यांनी भावाला सांगितलं, "भैया, माझा नंदी द्या. आता सोबत घेऊन जाते."

भैयासाहेबांनी पुढचे आठ दिवस जे केलं ते गिरणीत केलं असतं तर बढती मिळाली असती. सोमवारी म्हणाले, नवीन पाकीट सियागंजातून यायचं आहे. बुधवारी म्हणाले, चौहानजी गावाला गेले आहेत. चौहानजी समोर ओट्यावर सेव-परमल खात बसले होते. शुक्रवारी म्हणाले, प्रवासात चोऱ्या फार होतात, मी स्वतः घेऊन येईन भिलाईला. शनिवारी ते माझ्याकडे आले आणि न बसताच म्हणाले, "प्रोफेसर, तिला समजवा. ती तुमचं ऐकते." मी म्हटलं, तिचीच वस्तू आहे. ते म्हणाले, "हो, ते तर आहेच," आणि उभेच राहिले. त्यांना शंका आली होती हे मला दिसलं. हिरवा ठिपका आता पाकिटाबाहेरूनही दिसत असावा.

रविवारी दुपारी बैठक बसली. सोमवारची गाडी होती. चौहानजी हात धुऊन आले होते. भैयासाहेबांनी बंद गळ्याचा कोट घातला होता. चिठ्ठी आधीच लिहून ठेवली होती, वळणदार अक्षरात: वस्तू ठेवली तशी मिळाली. खाली सह्यांना जागा.

कात्री उचलण्याआधी भैयासाहेबांनी पेटीतून दुसरं पाकीट काढून बहिणीपुढे ठेवलं. "सुमन, असं कर. तू हा ने. चांदीचा आहे, सूर्याचा. माझ्याकडे इतका चांगला एकच आहे."

ज्या रुपयाला सात वर्षांत वारा लागू दिला नव्हता, तो हा माणूस देऊन टाकत होता.

"मला सूर्य नको," सुमनताई म्हणाल्या. "मला आईचा पाहिजे. तुम्ही खोला, भैया."

त्यांनी कापलं. प्लॅस्टिक सुटेना. ओढल्यावर ते सालीसारखं निघालं आणि त्याला हिरवा, चिकट थर लागून आला. भैयासाहेबांनी नाणं हातात घेतलं, रुमालाशिवाय. कडेची अक्षरं अर्धी शिल्लक होती. मधे जिथे नंदी बसलेला असायचा तिथे खड्डे होते. शिंगाचं एक टोक उरलं होतं, तेही माहीत असलेल्यालाच कळावं असं. चौहानजी "राम राम" म्हणाले. भैयासाहेब नाणं अंगठ्याने पुसत राहिले, जणू मळ आहे आणि निघेल. हिरवा रंग त्यांच्या बोटांना लागला, कोटाच्या बाहीला लागला. त्यांच्या हाताला दरदरून घाम आला होता. मग त्यांनी तोच हात बहिणीपुढे केला आणि नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं.

सुमनताईंनी मूठ मिटली. म्हणाल्या, "वजन तर तेवढंच आहे."

मला वाटलं संपलं. मी चहाच्या कपाकडे हात नेला. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता, वर्गात एखाद्या मुलीला विचारावं तसं विचारलं.

"त्या भाऊबीजेला तुम्ही तो कागद लावला होता ना? लाल झाला होता. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का, हे होणार म्हणून?"

खोलीत माझ्याकडे सगळेच बघत होते. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नव्हतो. माहीत होतं म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. एरवी माझ्याकडे कुठल्याही प्रसंगाला चुरचुरीत वाक्य तयार असायचं.

"प्रोफेसरनी सांगितलं होतं," भैयासाहेब म्हणाले.

ते माझ्याकडे बघत नव्हते. चिठ्ठीवरची ती ओळ ते खोडत होते, एकेक अक्षर नीट.

"तू दिवा ठेवायला आत गेलीस, तेव्हा मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. सगळी पाकिटं आजच्या आज फोडा म्हणाले. हात जोडले मला. मीच ऐकलं नाही, सुमन. मी म्हटलं, तुम्हाला काय समजतं, दुकानदाराने शंभर वर्षांची गॅरंटी दिली आहे." मग त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "सही करा, प्रोफेसर."

खोडलेल्या ओळीखाली त्यांनी लिहिलं होतं: माझ्या हातून वस्तू खराब झाली.

मी सही केली. सुमनताईंनी मला नमस्कार केला, म्हणाल्या, "माफ करा, मी उगाच तुम्हाला बोलले," आणि नाणं पदराच्या टोकाला बांधून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या भिलाईला गेल्या.

भैयासाहेबांनी त्याच आठवड्यात उरलेली सगळी पाकिटं कापली. चांदी बरीचशी वाचली, तांबं गेलं. ते त्यानंतर चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत मी त्यांच्या ओट्यावर किती वेळा बसलो, भोपाळला किती शिव्या ऐकल्या, याचा हिशेब नाही. दोघंच असायचो, कधी कधी तासभर. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही, टोमणा मारला नाही, मला प्रोफेसर म्हणायचं सोडलं नाही. मी रोज ठरवायचो की आज बोलू. मग चहा यायचा.

ते गेल्याचं कळल्यावर सुमनताई भिलाईहून आल्या. तेराव्याच्या दिवशी मला म्हणाल्या, "तुमचं ऐकलं असतं त्यांनी, तर किती बरं झालं असतं." मी मान हलवली. आज हे लिहिताना पहिल्यांदा सांगतो आहे, की त्यांनी ऐकलं होतं. धोका आहे का, म्हणून दोनदा विचारलं होतं.